रात्री बाळ कुठे झोपणार?

अगं, पाळणा लाकडी घ्यायचा की लोखंडी, हे नंतर बघू. आधी बाळ रात्री कुठे आणि कसं झोपणार ते ठरव, आणि आत्ताच, आठवा महिना सरायच्या आत. बाळंतपणानंतर झोपेची इतकी ओढाताण होते की पहाटे तीनला धड काही सुचत नाही.

पहिलं म्हणजे उताणं. रात्री, दुपारी, दरवेळी उताणंच. आई म्हणेल, कुशीवर घाल, दूध वर आलं तर ठसका लागेल. तिची काळजी मला कळते. पण बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्याखाली. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढ चढावा लागतो. पालथं घातलं की नेमकं उलटं होतं, आणि कुशीवरचं बाळ कधी पालथं होईल सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण काही वर्षांत निम्म्याहून खाली आलं. कुठलं औषध नाही, यंत्र नाही, नुसतं उताणं!

जागा तुझ्याच खोलीत, तुझ्या हाताशी, पण त्याची स्वतःची. निदान सहा महिने. पाळण्याचा तळ सपाट आणि गादी घट्ट हवी. साडीच्या झोळीत बाळ छान गप्प होतं, पण तिथे पाठीला बाक येऊन हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. झोळीत डोळा लागलाच तर उचलून सपाट जागी ठेव. राईची उशी, लोड, मऊ खेळणी, जाड गोधडी, काहीच आत नको. डोकं गोल व्हायला उशी लागत नाही. जागेपणी, तू समोर असताना थोडा वेळ पालथं घाल, पुरे. घरात झोपताना टोपडंही नको. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नकोस, मानेला हात लावून बघ. गळ्यातला काळा दोरा झोपताना काढून ठेव. खोलीत शेगडी आणि धुरी नको, विडी-सिगारेट तर घरातच नको.

आता खरं बोलू. आपल्याकडे बाळ आईजवळच झोपतं, आणि पाजता पाजता तुझा डोळा लागणारच. म्हणून रात्री सोफ्यावर किंवा खुर्चीत बसून पाजू नकोस. तिथे झोप लागणं सगळ्यात धोक्याचं, बाळ फटीत घसरतं. जमिनीवर घट्ट गादी घाल, उशा-पांघरुणं लांब सार, तिथे पाज. बाळ तुम्हा दोघांच्या मध्ये नको. जाग आली की त्याच्या जागी ठेव. बाळ दिवसांआधी आलं किंवा अडीच किलोच्या आत भरलं, तर मात्र शेजारी झोपवूच नकोस. घरात कुणी सिगारेट ओढत असेल, दारू घेतली असेल किंवा तुझं झोप आणणारं औषध चालू असेल, तरीही नाही.

नवऱ्याला हे सगळं नीट सांग, रात्री बाळाला उचलून ठेवायचं काम त्याचंही आहे. आईशी राईच्या उशीचं बोलणं तुला जड जाईल. ते माझ्यावर सोड, मी रविवारी येतेच आहे.