पहिल्या पुस्तकाची वाट

मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सिद्ध झाले. म्हाइंभटांनी त्यासाठी चक्रधरस्वामींच्या आठवणी ठिकठिकाणच्या अनुयायांकडून गोळा केल्या. लिहिण्यापूर्वी ऐकण्याचा हा परिपाठ वऱ्हाडातील होतकरू लेखकास आजही उपयोगी पडावा.

तथापि घरची बोली छापण्याजोगी नाही, या समजुतीने अमरावती-अकोल्याकडील कित्येक तरुण उसन्या भाषेत लिहितात. साहजिकच त्यांची पात्रे निर्जीव होतात. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीने हा समज केव्हाच खोटा ठरविला आहे. शिंप्याच्या घरातील कौतिकची दारिद्र्याशी झुंज तिच्याच वऱ्हाडी बोलीतून उभी राहते.

राहिला खर्चाचा प्रश्न. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. तज्ज्ञांच्या छाननीत हस्तलिखित पसंत पडल्यास प्रकाशनास अनुदान मिळते. पदरमोड करून घाईने पुस्तक छापणारा ही संधी मात्र गमावून बसतो. तत्पूर्वी गावच्या शिक्षकांनी त्याची वही वाचावी, शुद्धलेखन तपासावे; बोलीतील शब्द तेवढे ‘सुधारू’ नयेत.