इंटरनेटची गती आणि स्विचचे पोर्ट

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहावयास येणाऱ्या प्रवाशाचे लक्ष हौदात कोसळणाऱ्या जलधारेकडे प्रथम जाते. हे पाणी उत्तरेकडील डोंगरातून जमिनीखालच्या खापरी नळांवाटे आणण्यात आले. त्याही पूर्वी, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मलिक अंबराने त्या वेळच्या खडकीसाठी नहर बांधली होती. उगमाशी पाणी कितीही असो, वाटेतील सर्वांत अरुंद नळातून जेवढे वाहील तेवढेच अखेरच्या हौदात पडते, हे नहर बांधणाऱ्या कारागिरांस पुरते ठाऊक असले पाहिजे. इंटरनेटच्या बाबतीत मात्र याच गोष्टीचा विसर पडलेला दिसतो. गती कमी पडली की अधिक दराची योजना घेतली जाते. वाटेतील नळ कोणी मोजत नाही.

घरात, शाळेत वा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात एका जोडणीवर अनेक संगणक चालवावयाचे असल्यास मध्ये स्विच नावाची पेटी बसवितात. तारेचे टोक ज्या खाचेत बसते तो पोर्ट होय. प्रत्येक पोर्टची कमाल गती ठरलेली असते. १९९५ साली सेकंदाला १०० मेगाबिट गतीचे आणि १९९९ साली तांब्याच्या तारेवर १००० मेगाबिटचे प्रमाण निश्चित झाले. दोन्ही प्रकारचे पोर्ट दिसावयास सारखेच आणि त्यांत बसणारे टोकही तेच. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

एखाद्याने ३०० मेगाबिटची योजना घेतली आणि तारेने जोडलेल्या संगणकावर गती ९४ च्या आसपास अडून राहिली, तर दोष सेवा देणाऱ्या कंपनीचा आहे असे लगेच मानू नये. हा आकडाच निदान सांगून जातो. १०० मेगाबिटच्या पोर्टमधून माहिती लहान लहान पुडक्यांत जाते, प्रत्येक पुडक्यावर पत्ता व तपासणीचा मजकूर असतो. हे वेष्टन वजा जाता सुमारे ९४ ते ९५ मेगाबिटच उपयोगी पडतात. म्हणजे वाटेत कोठे तरी १०० चा पोर्ट आहे. तो स्विचचाच असेल असेही नाही. घरी बसविलेल्या ऑप्टिकल फायबरच्या पेटीला कित्येकदा चार पोर्ट असतात आणि त्यांतील एकच १००० चा असतो. तार भलत्या खाचेत बसली, एवढेच पुष्कळदा कारण निघते.

तारेचीही चौकशी करावी. तिच्यात आठ बारीक तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. दोन्ही टोकांची उपकरणे आपसांत बोलून उभयतांस झेपेल ती सर्वांत मोठी गती ठरवितात. एखादी जोडी तुटलेली वा टोकाशी नीट दाबलेली नसली तर पुष्कळ उपकरणे निमूटपणे १०० वर उतरतात. काम चालू राहते, म्हणून तक्रारही होत नाही. जुन्या इमारतींत एकाच तारेच्या जोड्या विभागून दोन संगणक जोडण्याची काटकसरही केली गेली. तेथे नवा स्विच बसवूनही गती वाढणार नाही.

शाळेच्या संगणक कक्षात प्रश्न अधिक तीव्र होतो. वीस संगणक स्विचला जोडलेले आहेत आणि स्विचपासून बाहेर जाणारी एकच तार १०० च्या पोर्टवर आहे, असे समजा. वीसही विद्यार्थ्यांनी एकाच वेळी चित्रफीत उघडली तर प्रत्येकाच्या वाट्यास जेमतेम ५ मेगाबिट येतात. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केली, तेव्हा प्रत्येक पंचायतीसाठी १०० मेगाबिटचेच उद्दिष्ट होते. त्या हिशेबाने १०० चा पोर्ट योग्यच होता. जोडणी वाढविली आणि पेटी तीच ठेवली, तर वाढीव देयक व्यर्थ जाते.

याची दुसरी बाजूही आहे. जोडणीच ४० वा ५० मेगाबिटची असेल तर १०० चा पोर्ट कोणाचे काही अडवीत नाही. तेथे स्विच बदलणे हा निव्वळ अपव्यय होय. मेगाबिट आणि मेगाबाइट यांची गल्लत हेही तक्रारीचे नेहमीचे कारण. आठ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे १०० मेगाबिटच्या वाटेने सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट येतात.

तपासणीस खर्च नाही. वायफाय बंद करून संगणक तारेने थेट फायबरच्या पेटीला जोडावा व गती मोजावी. मग तोच संगणक स्विचमागे लावून पुन्हा मोजावी. फरक पडला तर अडथळा मधल्या टप्प्यात आहे. जोडणी किती गतीवर ठरली, हे संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्येही दिसते. पोर्टवरील दिव्याच्या रंगावर विसंबू नये, कारण प्रत्येक उत्पादकाचा संकेत निराळा असतो. खरेदीच्या मागणीपत्रात नुसते ‘२४ पोर्टचा स्विच’ असे लिहिणे अपुरे ठरते. प्रत्येक पोर्टची आणि बाहेर जाणाऱ्या पोर्टची गती स्वतंत्रपणे नमूद करावी, व माल स्वीकारताना ती एकेका पोर्टवर पडताळून पाहावी.