विहिरीत पाणी आहे, पण कुठलं?

आमचं गाव पारनेरच्या पठारावर. कालवा नाही, जे काही पिकतं ते पावसावर आणि विहिरीवर. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर गावानं एका विहिरीकडं बघून उन्हाळी कांदा धरला. ती विहीर पाझर तलावाच्या खालच्या अंगाला, काठोकाठ भरलेली. तिथं पाणी आहे म्हणजे यंदा चिंता नाही, असं पारावरच ठरून गेलं. मार्चमध्ये, ऐन कांदा पोसायच्या वेळी, वरच्या अंगाच्या विहिरी तासाभराच्या उपशात तळ दाखवू लागल्या. शेजारच्या तात्यांनी टँकर विकत घेऊन पीक काढलं, पण खर्चही निघाला नाही. काहींनी वाफ्यांत मेंढरं सोडली. खालची विहीर तेव्हाही भरलेलीच होती.

त्यानंतर आम्ही काही जण पातळी मोजून लिहू लागलो. हे काम सोपं आहे, पण अर्धवट केलं तर आकडाच घात करतो. म्हणून हे सविस्तर सांगतो आहे.

पहिली गोष्ट विहिरीच्या निवडीची. तलावाखालची विहीर तलावाचं पाणी सांगते, शिवाराचं नाही. एक विहीर माथ्याकडची, एक मधल्या उतारावरची, एक ओढ्याकाठची, अशा निदान तीन धरा. माथ्याकडची सगळ्यांत आधी आटते, म्हणून तिच्यावर नजर जास्त ठेवा.

एकदा एप्रिलमध्ये आमच्या नोंदीतल्या एका विहिरीची पातळी वाढलेली निघाली. पाऊस नाही, तलाव कोरडा. कठड्यावरून वाकून पाहिलं, तर कपारीच्या आडून काळा पाइप आत सोडलेला. मालकानं नवीन बोअर घेतलं होतं; वीज येईल तसं बोअरचं पाणी विहिरीत साठवून ते तिथून पिकाला देत होते. आमच्याकडं ही रीतच पडली आहे आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनं ती सोयीची आहे. पण अशी विहीर नोंदीसाठी हौदासारखीच. तिचा आकडा लिहिलात, तर वरचा थर आटला असताना वहीत पाणी दिसत राहील. मालकाला विचारून, पाइप बघूनच विहीर निवडा.

बोअरमध्ये मोजलेली पातळी विहिरीच्या रकान्यात मिसळू नका. आपल्या बेसाल्टमध्ये थरावर थर आहेत. बोअर त्यातले दोन-तीन थर भेदून जातं आणि केसिंग बहुधा वरच्या मुरमापुरतंच असतं. वरच्या थराचं पाणी त्याच भोकातून खाली झिरपतं. त्यामुळं तिथं मिळणारी पातळी कुठल्याच एका थराची नसते.

मोजायची वेळ मोटर बंद झाल्यावर, झरे भरून आल्यानंतरची. रात्रपाळीची वीज असेल त्या आठवड्यात सकाळी मोजलं, तर रात्रभर उपसलेली विहीर मोजली जाते आणि घबराट उडते. शेजारची मोटर चालू होती का, हेही लिहा. फितीच्या टोकाला वजन बांधा आणि शेवटच्या फूटभरावर खडू घासा. जिथवर खडू ओला, तिथं पाणी. कठड्यावर लाल ऑइलपेंटनं खूण करून दर वेळी तिथूनच फीत सोडा आणि कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहा. एका विहिरीचा कठडा मालकानं दोन फूट वाढवला होता. तो फरक कुणी पाहिला नसता, तर पाणी दोन फूट खाली गेलं असंच आम्ही सांगत बसलो असतो.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. आम्हीही हे महिने चुकवत नाही, म्हणजे ताडून बघता येतं. रब्बीत मात्र दर महिन्याला मोजतो.

आता त्या आकड्याचा अर्थ. आपल्या खडकात पाणी फटींत आणि मांजऱ्या दगडाच्या छिद्रांतच असतं. एक मीटर जाडीच्या थरातून हाती लागणारं पाणी एक ते तीन सेंटिमीटरच. दोन सेंटिमीटर धरले, तर हेक्टरभर रानाखालच्या एक मीटर पातळीत दोन लाख लिटर पाणी आहे. सारे भरून पाच सेंटिमीटरचं एक पाणी द्यायचं, तर हेक्टरी पाच लाख लिटर लागतात. म्हणजे एकाच पाण्यात त्या रानाखालची अडीच मीटर पातळी संपली! आजूबाजूच्या कोरडवाहू रानाखालचं पाणी सरकत येतं, म्हणून विहीर तगते. सगळ्या शिवारानं कांदा धरला, तर सरकून येणार कुठून? हा हिशेब मी सभेत फळ्यावर मांडतो तेव्हा माणसं खरंच विचारात पडतात, म्हणून तुम्हीही मांडा.

शेजारच्या नगर तालुक्यात हिवरे बाजारनं पाऊस आणि पाणी मोजून ग्रामसभेत पिकं ठरवण्याची रीत घातली आणि शेतीसाठी बोअर बंद ठेवलं. आमच्या गावाला बोअर बंद करणं अजून जमलेलं नाही, पण मोजणीवरून कांद्याचं क्षेत्र ठरवायला आम्ही सुरुवात केली आहे. माथ्याची विहीर मागच्या ऑक्टोबरपेक्षा खाली असेल, तर वरच्या अंगाला ज्वारी, हरभरा. यात तारीख फार महत्त्वाची. सभा कांद्याचं रोप टाकायच्या आधीच घ्या. बियाणं विकत घेऊन वाफ्यात पडलं की मग पातळी कितीही खाली असो, लागवड कुणी थांबवत नाही.