अंडपेशी पक्व झाल्याची वर्दी कोण देते?



६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात एक मुलगी जन्मली. तिच्या आईची अंडपेशी शरीराबाहेर काढून काचपात्रात फलित केली होती. काटेकोर शास्त्रीय नोंदींसह झालेला भारतातील असा हा पहिला जन्म. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांनी तो घडवून आणला. अशा कामात खरी अडचण असते ती वेळेची. अंडपेशी लवकर काढली तर ती कच्ची असते. उशीर झाला तर अंडाशयातून निघून गेलेली असते.

ही वेळ शरीर कसे ठरवते ते पाहू. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पोष ग्रंथी असते. मेंदूकडून इशारा मिळाला की ती पुटिका संप्रेरक रक्तात सोडते. त्यामुळे अंडाशयातील काही पुटिका वाढू लागतात. बहुधा एकच पूर्ण वाढते. वाढती पुटिका इस्ट्रोजेन तयार करते आणि इस्ट्रोजेन पोष ग्रंथीला आवर घालते. पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा आठवा. पाणी चढले की नळ बंद!

आता गंमत पाहा. इस्ट्रोजेन खूप वाढून सुमारे दोन दिवस तसेच टिकले, की त्याचा हुकूम उलटतो. पोष ग्रंथी पीतपिंडकारी संप्रेरकाचा लोंढा सोडते. लोंढा सुरू झाल्यावर सुमारे ३६ तासांनी पुटिका फुटून अंडपेशी बाहेर पडते. म्हणजे वर्दी देते ते अंडाशयच! डॉक्टर हा लोंढा ओळखतात, किंवा तसेच काम करणारे संप्रेरक टोचतात आणि तास मोजून अंडपेशी काढतात.

फुटलेल्या पुटिकेचा पीतपिंड होतो. तो प्रोजेस्टेरॉन स्रवून गर्भाशयाचे अस्तर तयार ठेवतो. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड सुमारे १४ दिवसांत कोमेजतो, संप्रेरके घटतात आणि अस्तर गळते. हीच पाळी. यात विटाळ कसला?

मुलगी तळेगाव ढमढेऱ्याची असो की मुंबईची, पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती अनियमित असू शकते. हुकूम उलटण्याची ही यंत्रणा अजून पक्की झालेली नसते, म्हणून दर महिन्याला अंडपेशी सुटत नाही. मात्र तीन महिने पाळी आली नाही किंवा रक्तस्राव फार झाला, तर डॉक्टरांना दाखवावे.

आता एक प्रश्न. गर्भ राहिला की पीतपिंड टिकतो. मग नव्या पुटिका का वाढत नाहीत? टाकीतला गोळा आठवा आणि उत्तर शोधा.