नवे बेणे खरेच सरस का? चिठ्ठी टाकून पाहा



लागणीचा हंगाम आला की एक बोलणे हमखास कानी पडते : "अमक्याच्या मळ्यात नव्या बेण्याला एकरी दहा टन जादा पडले!" ऐकणारा लगेच बेणे सांगून ठेवतो. लागण आणि पुढचे दोन खोडवे धरले तर हा निर्णय तीन वर्षे गळ्यात राहतो. तेव्हा ते दहा टन बेण्याचे की जमिनीचे, हे आधी तपासावे.

तापीकाठची काळी आणि सातपुड्याच्या पायथ्याची मुरमाड जमीन यांतला फरक आपण जाणतो. पण एकाच शेतात पाटाजवळचा आणि टोकाचा ऊस तरी कुठे सारखा असतो? अर्ध्या शेतात जुने, अर्ध्यात नवे लावले आणि नवे पाटाकडे आले, तर काट्यावर जिंकते ते पाणी.

यावरचा तोडगा इंग्लंडातील रोथॅमस्टेड शेती केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या काळात बसवला. तुकडे अनेक करायचे आणि कोणत्या तुकड्यात काय लावायचे ते चिठ्ठीने ठरवायचे. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. व्ही. जी. पानसे यांनी शेती संशोधकांसाठी या गणितावर १९५४ साली ग्रंथ लिहिला. पाडेगावसारख्या ऊस संशोधन केंद्रातल्या चाचण्या याच पायावर चालतात.

हे आपल्यालाही जमते. शेतात ठिकठिकाणी शेजारी-शेजारी दोन तुकडे, अशा सहा जोड्या आखा. प्रत्येक तुकड्यात ६८ फूट लांबीच्या सहा सऱ्या धरा. प्रत्येक जोडीत नवे बेणे डावीकडे की उजवीकडे, हे नाणे उडवून ठरवा. मनाने ठरवलेत तर हात आपोआप चांगल्या जागेकडे वळतो, अनुभव आहे! खत-पाणी सारखेच द्या. तोडणीला काठाच्या दोन सऱ्या सोडून मधल्या चारच मोळ्या बांधून ताणकाट्यावर तोला. चार फुटी सरी असेल तर या चार सऱ्या म्हणजे जवळजवळ एक गुंठा. वजनाला ४० ने गुणले की एकरी उत्पन्न.

आता हिशेब. दोन्ही बेणी सारखीच असतील, तर नव्याने सहाही जोड्या जिंकणे म्हणजे सहा वेळा सलग छापा पडणे. ६४ वेळांत एकदा घडणारी गोष्ट. तसे झाले तर बेण्यात दम आहे असे धरायला हरकत नाही. पण सहापैकी चार किंवा अधिक जोड्या निव्वळ नशिबानेही ६४ पैकी २२ वेळा जिंकता येतात, म्हणजे तिनात एकदा. तेवढ्यावर सगळे शेत बदलू नये.

नुसत्या सरासरीवरही भाळू नका. एका जोडीत १२ टन जादा आणि बाकी पाचांत बरोबरी, तरी सरासरी दोन टनच. सहाही जोड्यांत दोन-दोन टन जादा, तरी सरासरी तीच. पहिल्या प्रकारात त्या एका तुकड्याखाली जुना उकिरडा होता का, ते आधी घरच्या म्हाताऱ्यांना विचारा.

तुकड्यांच्या खुणा उपटू नका. खोडव्याचेही वजन त्याच तुकड्यांतून घ्यायचे आहे.