हिरव्या त्रिकोणाचा अर्थ

आमच्या महाविद्यालयाच्या फाटकापासून कार्यालयाच्या पायरीपर्यंत गुलाबाच्या चाळीस कुंड्या आहेत. स्नेहसंमेलनाच्या दिवशी प्रमुख पाहुणे मोटारीतून उतरले की त्यांना त्या फुललेल्या दिसाव्यात, यासाठी वर्षभर खटपट करणाऱ्या मंडळास उद्यान समिती म्हणतात. गेल्या वर्षी या समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून माझी नेमणूक झाली. भूगोल घेतलेल्या मुलीला मातीतले काही कळत असेल, असा त्यामागे हिशेब असावा.

समितीच्या पहिल्याच बैठकीत एक ठराव झाला: 'बागेसाठी यापुढे केवळ पर्यावरणपूरक वस्तूंचीच खरेदी करावी.' ठराव एकमताने मंजूर झाला, कारण त्याला विरोध करण्यासारखे काहीच नव्हते. परंतु पर्यावरणपूरक वस्तू ओळखायची कशी, हे ठरावात नव्हते. ते काम माझ्याकडे आले. त्यात माझ्या हातून जी चूक झाली, ती आधी सांगते. मग मला समजले ते सांगेन.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही गुलाबांची छाटणी केली. छाटणीनंतर साधारण दीड महिन्याने फूल येते, तेव्हा संमेलनाचा मुहूर्त साधायचा तर हीच वेळ. पावसाळाभर पानांवर काळे ठिपके पडून पाने गळत होती, म्हणून बुरशीनाशक आणायचे ठरले. गावातल्या कृषी सेवा केंद्रात फळीवर चार रंगांच्या खुणांचे डबे होते: लाल, पिवळे, निळे आणि हिरवे. मी विचार केला, लाल म्हणजे धोका हे सिग्नलवर शिकलोच आहोत, तेव्हा हिरवा म्हणजे पर्यावरणाला चांगला. हिरव्या त्रिकोणाची कार्बेन्डाझिम नावाच्या पांढरट भुकटीची पुडी घेतली, पावती घेतली आणि ठरावाचे पालन झाले म्हणून समाधानाने परतले.

माळीमामांनी लिटरला एक ग्रॅम या मापाने पंप भरला. झाडांवर फवारले, कुंड्यांतही थोडे थोडे ओतले. जवळजवळ अर्धा पंप उरला. "ताई, हे उरलेलं कुठं टाकू?" असे त्यांनी विचारले. वसतिगृहाच्या मागे त्यांचा गांडूळखताचा वाफा होता. ऑक्टोबरच्या उन्हाने तो वरून सुकल्यासारखा दिसत होता. औषध हिरव्या खुणेचे, वाफ्याला पाणी हवेच. मग वाया का घालवा? मामा जरा घुटमळले. मीच बादली उचलून वाफ्यावर ओतली.

हा वाफा म्हणजे महाविद्यालयाची मालमत्ता असली तरी खरोखर तो मामांचाच होता. आवारातल्या पर्जन्यवृक्षांचा पाला पूर्वी जाळला जाई. तो जाळू न देता, शेजारच्या गोठ्यातले शेण डोक्यावरून आणून, दोन वर्षे खपून त्यांनी तो उभा केला होता.

आठ-दहा दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. वरचे गोणपाट बाजूला करून खुरप्याने थर उलटला. एरवी तेथे हात घातला की गांडुळांची गुंतवळ हाती येई. त्या दिवशी मोजकी चार-दोन सापडली, तीही मलूल. बाकीची कुजून गेली होती. मामा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. गोणपाट पुन्हा नीट पसरून ते पाइप धरायला निघून गेले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

त्यानंतर मी त्या पुडीला चिकटवलेले घडीपत्रक भिंगाखाली धरून वाचले आणि ग्रंथालयात जाऊन जे सापडेल ते चाळले. तेव्हा कळले की ज्या खुणेवर मी विसंबले, तिचा पर्यावरणाशी फारच थोडा संबंध आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये १९७१ मध्ये जे नियम झाले, त्यांत या रंगांचा अर्थ दिलेला आहे. खुणेच्या वरच्या भागात इशारा असतो, खालच्या भागात रंग. लाल रंगासोबत कवटी आणि 'विष' हा शब्द; पिवळ्यासोबत नुसताच 'विष'; निळ्यासोबत 'धोका'; आणि हिरव्यासोबत 'सावधान'. म्हणजे हिरव्यावरसुद्धा 'निर्धोक' असे कोठेही लिहिलेले नाही! रंग ठरतो तो प्रयोगशाळेतल्या उंदरासारख्या प्राण्यांवरून. शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विष पोटात गेले असता निम्मे प्राणी मरतात, ते पाहतात. १ ते ५० मिलिग्रॅममध्ये मेले तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्याहून जास्त लागले तर हिरवा. विष त्वचेवाटे गेल्यास काय होते, याचेही असेच कोष्टक आहे. माणसाला ताबडतोब होणाऱ्या विषबाधेचा अंदाज म्हणून ही खूण उत्तम आहे आणि फवारणाऱ्याच्या दृष्टीने ती पाहिलीच पाहिजे. पण मधमाशी, मासा, गांडूळ यांच्याविषयी ती काहीच सांगत नाही.

कार्बेन्डाझिमचेच पाहा. बुरशीच्या पेशींचे विभाजन ते थांबवते. उंदराला ते फारसे बाधत नाही, म्हणून हिरवे. परंतु गांडुळांना ते इतके घातक आहे की, एखादे नवे रसायन गांडुळांना कितपत मारक आहे हे तपासताना तुलनेसाठी शास्त्रज्ञ हेच वापरतात. शिवाय मातीत ते काही महिने टिकते. मी ओतलेल्या बादलीची तुलना शास्त्रज्ञांच्या प्रयोगाशी करावी, असा योग माझ्या नशिबी होता.

मग रसायन नको, नैसर्गिकच घ्यावे, असे कोणी म्हणेल. मीही काही दिवस तसेच म्हणत होते. पण मामांनी सांगितले की पूर्वी ते माव्यासाठी तंबाखूचे पाणी उकळून मारीत आणि त्या दिवशी त्यांना हटकून गरगरून मळमळे. तंबाखू शंभर टक्के नैसर्गिक आहे. तिच्यातले निकोटिन कातडीतूनही अंगात भिनते, आणि माव्यासोबत माव्याला खाणारे ठिपक्यांचे चित्रकीटकही मारते. दुसरे उदाहरण बोर्डो मिश्रणाचे. मोरचूद आणि चुन्याचे हे निळे पाणी फ्रान्समधल्या बोर्डो भागात मियार्दे या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये प्रचारात आणले. आपल्याकडे द्राक्षबागांत आणि कोकणातल्या सुपारीच्या बागांत ते सर्वांना ठाऊक आहे. सेंद्रिय शेतीतही मर्यादित प्रमाणात त्याला परवानगी असते. तरी त्यातले तांबे हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, विरत नाही, वर्षानुवर्षे मातीत साठत जाते. शेतात ठीक, कुंडीतल्या दोन घमेली मातीत ते कोठे जाणार? तेव्हा 'नैसर्गिक' या शब्दाने वस्तू कोठून आली एवढेच कळते. ती पुढे काय करते, कोणाकोणाला मारते आणि किती दिवस राहते, हे वेगळे विचारावे लागते.

खताच्या पोत्यांवर तर 'सेंद्रिय' हा शब्द आता इतका स्वस्त झाला आहे की, तो वगळून काय उरते तेच वाचावे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २००६ मध्ये सेंद्रिय खतांची मानके समाविष्ट झाली. त्यानुसार गांडूळखतात सेंद्रिय कर्ब निदान १८ टक्के आणि नत्र निदान १ टक्का हवे. ओलावा १५ ते २५ टक्के. ज्या पोत्यावर हे आकडे नाहीत, ते मी घेत नाही. आकडे असूनही हुंगून पाहावे. चांगल्या खताला पहिल्या पावसाचा वास येतो. शेणाचा किंवा अमोनियाचा वास येत असेल तर ते अजून कुजायचे आहे. नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला दुकानात कोकोपीट म्हणतात, त्याविषयी एवढेच की ते पाणी धरते पण पोषण देत नाही, आणि त्यात क्षार असतात. म्हणून दोन-तीन पाण्यांतून धुतल्यावाचून कुंडीत घालू नये. केंद्र सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणस्नेही मालासाठी 'इकोमार्क' ही मातीच्या मडक्याची खूण काढली. २०२४ मध्ये तिचे नवे नियमही आले. फळीवरच्या डब्यांवर ती मी शोधली. सापडली नाही.

या शोधात एक नाव मात्र सापडले आणि त्याचा मला मोठा आनंद झाला. कंपोस्टची 'इंदूर पद्धत' म्हटले की सर आल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव घेतात. १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदुरात त्यांनी ती बसवली: पालापाचोळा, शेण, गोमूत्र भिजलेली माती आणि राख यांचे थर, अधूनमधून उलथापालथ, आणि तीन महिन्यांत खत. पण १९३१ मध्ये या पद्धतीवर जे पुस्तक निघाले, त्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत. दुसरे यशवंत वाड यांचे. हॉवर्डसाहेबांना जग ओळखते. वाडांचे नाव आमच्या समितीत कोणी ऐकले नव्हते, मीही नाही. आणि त्या पद्धतीत दुकानातून विकत आणावे असे काहीच नाही, हे आमच्या ठरावातल्या 'खरेदी' या शब्दाकडे पाहून मला फार बोचले.

कारण पुढे लक्षात आले ते असे. काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजायला पान सलग सात-आठ तास ओले राहावे लागते. पावसाळ्यात तो आपल्या हातचा प्रश्न नाही. पण बाकीचे दिवस आम्हीच रोज संध्याकाळी पाइपने झाडांना डोक्यावरून आंघोळ घालत होतो आणि पाने रात्रभर ओली राहत होती. म्हणजे रोग आम्हीच पोसत होतो आणि त्यावर औषध विकत आणत होतो. आता पाणी सकाळी आणि फक्त बुंध्याशी घालतात. कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवले आहे. ठिपक्याचे पान गळले की उचलून आवाराबाहेर जाते. ठिपके अजून दिसतात, पण झाड ओकेबोके होत नाही. बुरशीनाशक यंदा आणलेले नाही.

किडींसाठी आम्ही निंबोळीवर आलो आहोत. वसतिगृहामागच्या कडुनिंबाखाली जून-जुलैत सडा पडतो. निंबोळ्या धुऊन, सावलीत वाळवून ठेवल्या की वर्षभर पुरतात. लिटरला ५० ग्रॅम भरड, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला पाऊण किलो. ती रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबण मिसळायचा आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर फवारायचे. तिच्यातले अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विरते. तेच तिचे बलस्थान आणि तोच तिचा दोष, कारण दर आठवड्याला फवारणी आली. शिवाय कीड दुसऱ्या दिवशी मरून पडलेली दिसत नाही. ती खाणे सोडते, तिची कात पडत नाही, आणि सावकाश संपते. तत्काळ फळ पाहणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. तयार नीमअर्क घ्यायचाच तर त्यावर नोंदणी क्रमांक आणि ३०० किंवा १५०० पीपीएम असा आकडा आहे ना, ते पाहावे. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला मात्र पाण्याची जोरदार धार आणि बुंध्यावरच्या मुंग्यांचा बंदोबस्त, एवढे बहुधा पुरते. मुंग्याच त्याची राखण करतात.

संमेलनात चाळीसही कुंड्या फुलल्या होत्या. पाहुण्यांनी भाषणात बागेचा खास उल्लेख केला. टाळ्या पडल्या तेव्हा मी मामांकडे पाहिले नाही.

जुन्या वाफ्यातला माल आम्ही काढून कुंपणाशी पसरला आणि नव्या जागी नवा वाफा घातला. बचत गटाच्या बायकांकडून दोन किलो गांडुळे आणली. पावसाळ्यापर्यंत ती बऱ्यापैकी वाढली.

यंदाच्या खरेदीची यादी मी कार्यालयात दिली तेव्हा वेगळीच अडचण निघाली. हातमोजे, तोंडावरची फडकी आणि मापाचा चमचा यांची रक्कम लहान असल्याने ती लगेच मंजूर झाली. मामा इतकी वर्षे औषध टोपणाने मोजून हाताने ढवळत होते, हे यादी करताना माझ्या ध्यानात आले. पण 'निंबोळी, १० किलो' या ओळीवर भाऊसाहेब थांबले. दर काय, तीन दरपत्रके कुठे आहेत, पुरवठादार कोण? मी म्हटले, दर नाही, झाड आपलेच आहे. मग यादीत कशाला लिहिता, असे ते म्हणाले. बागेत काय वापरले याची कोठेतरी नोंद राहायला हवी, एवढेच मी सांगितले. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले आणि कागद परत सरकवला. दराच्या रकान्यात मी शून्य घातले आणि पुरवठादाराच्या रकान्यात माळीमामांचे पूर्ण नाव लिहिले.