सोबत करणाऱ्याची तब्येत

चि. सुजय यास,


माझ्या दादाचं, म्हणजे तुझ्या बाबांचं, रेडिएशन सुरू झाल्याचं वहिनीकडून कळलं. तू परळला हॉस्पिटलात एकटाच आहेस, रात्री जागतोस आणि दिवसा वडापाववर भागवतोस, हेही कळलं. ‘खंबीर राहा’ असं सगळेच सांगत असतील. मी तेवढंच सांगून थांबणार नाही, कारण नुसत्या निश्चयावर कुणी खंबीर राहत नाही. झोप, जेवण आणि पाळी बदलायला माणूस मिळाला, तरच धीर टिकतो.

तोंडाच्या कॅन्सरचं रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, साधारण सहा-सात आठवडे चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटतं. तिखट तर सोडच, मोसंबीचा रसही झोंबतो. दादा ताट सरकवील, तुझ्यावर ओरडेल. तो राग दुखण्याचा असतो, तुझ्यावरचा नसतो. अशा वेळी जेवणाचा आग्रह धरू नकोस. दुखणं थांबवायचं औषध डॉक्टरांकडे मागून घे. नाकातून नळी घातली, तर ती हार मानू नकोस. त्याला बसवून सावकाश भरव, मग नळीतून थोडं पाणी सोड आणि अर्धा तास आडवं होऊ देऊ नकोस. सोबत केमो चालू असेल आणि ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता तडक दवाखाना गाठ. हे सगळं एका वहीत लिहून ठेव, म्हणजे उद्या तुझ्या जागी बसणाऱ्याला अडचण येणार नाही.

आणि कुणीतरी तुझ्या जागी बसायलाच हवं. ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्याला ‘नको, मी आहे’ असं सांगू नकोस, लगेच एक काम सांग. तुझ्या धाकट्या भावाने शनिवार-रविवार यावं. ताईने घरी बसून जनआरोग्य योजनेची कागदपत्रं आणि बिलांची फाईल सांभाळावी. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन राहण्याची सोय आणि आर्थिक मदत विचार. गाडगे महाराजांच्या नावाची दादरची धर्मशाळा अशाच पेशंट-नातेवाइकांसाठी आहे. रेल्वेच्या सवलतीचा दाखलाही घे. स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला पूर्ण सवलत मिळते, सोबत्याला ७५ टक्के. मदत मागण्यात कमीपणा कसला? आपल्याकडे लग्नकार्य तरी कोण एकट्याने उरकतो?

बाप आजारी असताना चहाच्या वेळी मित्राबरोबर हसलास, तर मनाला लावून घेऊ नकोस. रडू आलं तर रड. ताणावर उतारा म्हणून मात्र मावा-तंबाखूकडे हात जाऊ देऊ नकोस. दादाचं तोंड रोज पाहतोस, आणखी काय सांगू? दोन आठवडे झोपच लागेनाशी झाली, कशातच मन रमेना, तर स्वतःसाठी डॉक्टर गाठ. पेशंटबरोबर आलेल्या माणसालाही आजार होतो.

रेडिएशन संपलं की सुटलो, असं धरून सगळी ताकद आताच खर्चू नकोस. पुढे गिळण्याचा सराव आहे, तोंड उघडण्याचे व्यायाम आहेत आणि कित्येक वर्षं तपासण्या आहेत. दादाला तू तेव्हाही लागणार आहेस.

म्हणून या शनिवारी धाकट्याला परळला बोलाव, वही त्याच्या हाती दे आणि दोन रात्री घरी येऊन झोप. एवढं माझं ऐकच.

तुझी,
आत्या